आकार जुळला तरी ड्राइव्ह चालेलच असं नाही: आयडीई, साटा आणि एनव्हीएमई ओळखून ड्राइव्ह बदलण्याची रीत

म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला आलेला माणूस जाता जाता कॉम्प्युटरच्या दुकानात शिरतो आणि "लॅपटॉपला एसएसडी द्या" एवढंच सांगतो. एसएसडी म्हणजे फिरणाऱ्या चकतीऐवजी चिपांवर माहिती साठवणारा ड्राइव्ह. दुकानदार समोर असेल ती देतो. पेडण्याला घरी जाऊन झाकण उघडलं की ती स्लॉटमध्ये नीट बसते, स्क्रूही लागतो, पण लॅपटॉपला ती दिसतच नाही. एसएसडी खराब निघाली असं समजून पुन्हा म्हापशाची फेरी होते. बहुतेक वेळा एसएसडी चांगलीच असते, फक्त तो स्लॉट तिच्या जातीचा नसतो.

दुसरी चूक याहून महाग पडते. गोवा सरकारच्या सायबरएज योजनेत अकरावी-बारावीच्या मुलांना मिळालेले किंवा त्या काळात घेतलेले पीसी अजून अनेक घरांत माळ्यावर आहेत. त्यातली हार्ड डिस्क काढून घाईत अडॅप्टर उलटा लावला, की घरचे फोटो, जत्रेतल्या नाटकाचं रेकॉर्डिंग, देवस्थान कमिटीचे जुने हिशेब असं सगळं एका क्षणात हाताबाहेर जातं. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानंच करा. ड्राइव्ह बदलताना होणाऱ्या बऱ्याच चुका क्रम उलटा केल्यामुळेच होतात.

## आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

ड्राइव्हबद्दल तीन वेगळे प्रश्न असतात आणि लोक त्यांचा एकच प्रश्न करतात.

पहिला प्रश्न आकाराचा: साडेतीन इंची, अडीच इंची, की पट्टीसारखी एम.२? दुसरा जोडणीचा: तारा आणि पिना कोणत्या? तिसरा, आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा, म्हणजे आतून बोलणं कोणत्या पद्धतीनं चालतं: जुनी आयडीई पद्धत, साटावरची एएचसीआय, की पीसीआय एक्स्प्रेसवरची (मदरबोर्डवरच्या वेगवान मार्गावरची) एनव्हीएमई?

अडीच इंची ड्राइव्ह आयडीईचाही असतो आणि साटाचाही. एम.२ पट्टी साटाचीही असते आणि एनव्हीएमईचीही. त्यामुळे "एम.२ एसएसडी" एवढं म्हटल्यानं फक्त आकार कळतो. तिन्ही प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून झाल्याशिवाय पैसे काढू नका.

## टप्पा १: कॉम्प्युटर न उघडता माहिती काढा

मशीन चालू होत असेल तर स्क्रूड्रायव्हरला हात लावण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम चालवा. त्यातल्या या जागा पाहा:

१. इंटरफेस: इथे सिरियल एटीए दिसलं तर साटा, एनव्हीएम एक्स्प्रेस दिसलं तर एनव्हीएमई.

२. ट्रान्सफर मोड: इथे दोन आकडे असतात. डावीकडचा म्हणजे सध्या मिळणारा वेग, उजवीकडचा म्हणजे ड्राइव्हला जमणारा वेग. "साटा/३०० | साटा/६००" असं दिसलं तर ड्राइव्ह नवा आहे आणि पोर्ट जुना, किंवा केबल धड नाही.

३. ड्राइव्हची तब्येत: यादीतल्या ०५, सी५ आणि सी६ या ओळींमध्ये खराब झालेल्या किंवा वाचता न येणाऱ्या सेक्टरांची (डिस्कवरच्या साठवणीच्या छोट्या तुकड्यांची) नोंद असते. सी७ ही ओळ वेगळी आहे. ती ड्राइव्ह आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी करते. सी७ वाढत असेल तर बहुधा ड्राइव्ह नाही, केबल किंवा तिचं टोक बिघडलेलं असतं.

सी७ची ओळ मी गोव्यात मुद्दाम पाहायला सांगतो. जून ते सप्टेंबरची दमट हवा आणि किनाऱ्याकडची खारट हवा पिनांवर थर आणते. पाच मिनिटांत केबल बदलून सुटणाऱ्या त्रासासाठी लोक नवा ड्राइव्ह घेतात.

त्यानंतर मदरबोर्डचं किंवा लॅपटॉपचं मॉडेल लिहून घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याचं मॅन्युअल उतरवा. मॅन्युअलमधलं स्टोरेजचं पान हाच या कामाचा खरा आधार.

तपासा: विंडोज डिस्क मॅनेजमेंटमध्ये ड्राइव्हवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, मग व्हॉल्यूम्स उघडा. पार्टिशन स्टाइल (ड्राइव्हच्या भागांची नोंद ठेवण्याची पद्धत) जुनी एमबीआर आहे की नवी जीपीटी, तेही लिहून ठेवा. टप्पा ६ मध्ये ते लागणार आहे.

## टप्पा २: डेटा आधी बाहेर काढा

क्लोन (सगळ्या ड्राइव्हची हुबेहूब नक्कल) करणार असलात तरी महत्त्वाच्या फाइल्स आधी वेगळ्या बाह्य ड्राइव्हवर नेहमीसारख्या कॉपी करा. क्लोन करताना स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर तीच कॉपी वाचवते.

०५, सी५ किंवा सी६ मध्ये शून्याहून मोठे आकडे असतील तर सगळ्यांत मौल्यवान फोल्डर पहिल्यांदा काढा, गाणी आणि सिनेमे नंतर. डिस्क टकटक आवाज करत असेल तर ती बंद करा आणि पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. अशा डिस्कवर विंडोजचं दुरुस्तीचं चेकडिस्क कधीही चालवू नका. ते मरत्या डिस्कवर उलट आणखी लिहितं. आवाज नसेल पण वाचन अडखळत असेल, तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरून आधी पूर्ण प्रतिमा, म्हणजे सगळ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, चांगल्या ड्राइव्हवर घ्या आणि फाइल्स त्या प्रतिमेतून शोधा.

इशारा: विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आत्ताच कागदावर उतरवून घ्या. पुढे बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) बदल केला की विंडोज ती मागू शकतं, आणि त्या वेळी ती त्याच बंद मशीनमध्ये असून काही उपयोग नसतो.

## टप्पा ३: उघडा आणि जोडणी डोळ्यांनी ओळखा

वायर भिंतीतून काढा. लॅपटॉप असेल तर पूर्ण बंद करा, आणि शक्य असेल तर आतली बॅटरीची केबल मोकळी करा. एसीच्या खोलीतून आणलेलं थंडगार मशीन पावसाळ्यात लगेच उघडू नका, चालूही करू नका. दमट हवेतली वाफ थंड धातूवर जमते. तासभर तसंच ठेवा. कॅबिनेटच्या रंगाचा थर नसलेल्या धातूला हात लावून मगच आतल्या भागांना हात लावा.

### आयडीई: रुंद पट्टीची केबल

साडेतीन इंची आयडीई डिस्कला ४० पिनांची रुंद पट्टीची केबल आणि शेजारी चार जाड पिनांचा मोलेक्स पॉवर असतो. मोलेक्समध्ये पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, दोन काळ्या अर्थिंगच्या. पट्टीच्या एका कडेला लाल रेघ असते. ती पिन क्रमांक १ ची बाजू. बहुतेक डिस्कवर ही बाजू पॉवरच्या जोडणीकडे येते, तरी लेबलवर किंवा सर्किटवर छापलेला "१" शोधूनच लावा.

एका केबलवर दोन ड्राइव्ह बसतात, म्हणून मास्टर-स्लेव्ह (पहिला कोण, दुसरा कोण) ठरवायला मागे छोटा जम्पर, म्हणजे दोन पिना जोडणारी टोपी, असतो. त्याची आकृती डिस्कच्या लेबलवर असते. वेस्टर्न डिजिटलच्या अनेक जुन्या डिस्कमध्ये "केबलवर एकटा" आणि "दुसऱ्यासोबत मास्टर" या दोन वेगळ्या जागा असतात. एकटी डिस्क मास्टरच्या जागेवर ठेवली की ती कधी कधी दिसतच नाही आणि लोक तिला मेलेली समजतात. केबल ८० तारांची असेल तर निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टरला, मधलं राखाडी स्लेव्हला.

आजच्या मदरबोर्डवर आयडीईची जागा नसते. त्यामुळे या डिस्कमधला डेटा यूएसबी अडॅप्टरनं वाचावा लागतो. क्रम असा:

१. जम्पर मास्टरवर ठेवा (वेस्टर्न डिजिटलची डिस्क एकटी असेल तर लेबलवरच्या एकट्या डिस्कच्या जागेवर), कारण अडॅप्टरला केबल सिलेक्ट (केबलवरच्या जागेवरून मास्टर-स्लेव्ह आपोआप ठरवणारी जम्परची जागा) सहसा कळत नाही.

२. अडॅप्टर पिना न वाकवता सरळ आत ढकला. वाकलेली पिन दिसली तर बारीक चिमट्यानं हळूच सरळ करा.

३. अडॅप्टरसोबत आलेला वेगळा पॉवर जोडा. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि नेहमीच्या यूएसबी पोर्टवर ५ व्होल्टच मिळतात.

४. डिस्क फिरू लागल्याचा आवाज आला की मग यूएसबी कॉम्प्युटरला लावा.

५. विंडोजनं "फॉरमॅट करायचं का?" विचारलं तर नाही म्हणा. फाइल सिस्टिम वाचता येत नाही एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ. डेटा तिथेच असू शकतो.

इशारा: लॅपटॉपच्या अडीच इंची आयडीई डिस्कला ४४ बारीक पिना असतात आणि पॉवर त्यांच्यातूनच जातो. त्यांच्या शेजारी थोडी जागा सोडून जम्परच्या आणखी ४ पिना असतात. अडॅप्टर एका बाजूला सरकून त्या ४ पिनांवर चढला तर पॉवर नको तिथे जातो आणि सर्किट जळतं. लावण्याआधी टॉर्च मारून दोन्ही टोकं मोजा.

### साटा: एल आकाराची पातळ जोडणी

डेटासाठी ७ संपर्कांची बारीक केबल, पॉवरसाठी १५ संपर्कांची रुंद. दोन्हींची खाच इंग्रजी एल अक्षरासारखी, त्यामुळे उलटी बसत नाही. जम्पर, मास्टर, स्लेव्ह यांची भानगड नाही, कारण एका केबलवर एकच ड्राइव्ह असतो. अडीच इंची आणि साडेतीन इंची साटा ड्राइव्हची जोडणी अगदी एकच. लॅपटॉपमधली अडीच इंची एसएसडी डेस्कटॉपमध्ये सरळ चालते.

पॉवर सप्लाय जुना असेल आणि त्याला साटाचं टोक नसेल तर मोलेक्सवरून साटाचा अडॅप्टर घेतात. त्यात प्लॅस्टिक एकसंध ओतलेली, तारा आत बंद केलेली स्वस्त टोकं घेऊ नका. ती आतून शॉर्ट होऊन जळल्याची उदाहरणं आहेत. तारा वेगवेगळ्या बसवलेलं, मागून उघडता येणारं टोक घ्या. पॉवर सप्लायच पंधरा-वीस वर्षांचा असेल तर तो बदलणं जास्त शहाणपणाचं.

### एमसाटा

२०१२ च्या आसपासच्या काही लॅपटॉपमध्ये हा छोटा कार्डासारखा प्रकार सापडतो. वायफायच्या मिनी पीसीआय एक्स्प्रेस कार्डाची आणि याची जागा दिसायला सारखी. एम.२ त्यात बसत नाही. तुमच्याकडे हा असेल तर एमसाटा म्हणूनच मागा.

### एम.२: इथे थांबा आणि नीट पाहा

पट्टीवर छापलेला २२८० म्हणजे रुंदी २२ मिलिमीटर आणि लांबी ८०. २२३०, २२४२, २२६० आणि २२११० हेही असतात. मशीनमध्ये स्क्रूची जागा ४२ वर असेल तर ८० ची पट्टी बसणार नाही.

सोनेरी टोकाला एक किंवा दोन खाचा असतात. एकच खाच, आणि तिच्या कडेच्या बाजूला ५ संपर्क, ती एम-की. एनव्हीएमई पट्ट्या बहुधा अशा असतात. कडेच्या बाजूला ६ संपर्क असलेली खाच ती बी-की. दोन्ही खाचा असतील तर पट्टी बहुधा साटाची.

"बहुधा" हा शब्द मी मुद्दाम वापरला. दोन खाचांच्या काही एनव्हीएमई पट्ट्याही निघाल्या आहेत. एम-कीच्या स्लॉटमध्ये दोन खाचांची साटा पट्टी बसते, पण स्लॉट फक्त एनव्हीएमईचा असेल तर ती मृतवत पडून राहते. उलटही होतं. म्हणून खाच पाहून अंदाज करा आणि मॅन्युअल पाहून निर्णय घ्या. मॅन्युअलमध्ये स्लॉटपुढे साटा, पीसीआयई किंवा दोन्ही असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

त्याच पानावर आणखी एक तळटीप असते आणि ती कुणी वाचत नाही: अमुक एम.२ स्लॉट वापरला की तमुक साटा पोर्ट बंद होतो. नवी एसएसडी लावल्यावर जुनी हार्ड डिस्क "गेली" असं वाटण्याचं कारण अनेकदा हेच. केबल दुसऱ्या पोर्टला लावली की ती परत दिसते.

## टप्पा ४: वेग किती हवा, ते आकड्यांवरून ठरवा

आयडीईची शेवटची पायरी सेकंदाला १३३ एमबीची. साटाच्या तीन पिढ्या: १.५, ३ आणि ६ गिगाबिट. प्रत्यक्ष मर्यादा सेकंदाला साधारण १५०, ३०० आणि ६०० एमबी, कारण दर ८ बिटांमागे तारेवर १० बिट पाठवावे लागतात. चांगली साटा एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते. एनव्हीएमई पीसीआय एक्स्प्रेसच्या चार मार्गिकांवर चालते: तिसऱ्या पिढीत सेकंदाला साधारण ३,५०० एमबी, चौथ्या पिढीत ७,००० च्या घरात, पाचव्या पिढीत १४,००० पर्यंत. शिवाय एएचसीआयमध्ये कामांची एकच रांग असते, ३२ कामांची. एनव्हीएमईत ६५ हजारांहून जास्त रांगा ठेवता येतात.

हे आकडे पाहून लोक चुकीचा निष्कर्ष काढतात. फिरणाऱ्या हार्ड डिस्कचा खरा अडसर सेकंदाला किती एमबी हा नाही. डोकं योग्य जागी नेऊन थांबायला तिला दर वेळी सुमारे १० मिलिसेकंद लागतात. एसएसडीला त्याचा शंभरावा भाग, किंवा त्याहूनही कमी. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइल्स वाचल्या जातात. म्हणून ३ गिगाबिटच्या जुन्या पोर्टवर लावलेली साधी साटा एसएसडीसुद्धा जुनं मशीन पार बदलून टाकते. तिला तिथे सेकंदाला २७० एमबीच मिळतात, तरी.

हिशेब, बिलं, अर्ज आणि ब्राउझर एवढंच काम असेल तर साटावरून एनव्हीएमईवर गेल्यानं फारसा फरक जाणवणार नाही. लग्नाचं किंवा शिगम्याच्या मिरवणुकीचं फोर-के चित्रीकरण एडिट करणाऱ्याला मात्र नक्की जाणवेल. पाचव्या पिढीची पट्टी तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चालते, पण तिसऱ्या पिढीच्या वेगानं. जास्तीचे पैसे वाया जातात.

दुकानातलं जुनं बिलिंग अजून विंडोज एक्सपीवर चालत असेल तर एनव्हीएमईचा विचारच सोडा. एक्सपीकडे स्वतःचा एएचसीआय ड्रायव्हरही नसतो. तिथे साटा ड्राइव्ह लावून बायोसमध्ये आयडीई मोड ठेवावा लागतो. विंडोज ७ लाही एनव्हीएमई जन्मतः कळत नाही.

तपासा: विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) व इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे किंवा त्या तोडीचे प्रोसेसर लागतात. तुमचं मशीन यात बसत नसेल तर त्यावर महागडी एसएसडी घालू नका. छोटी साटा एसएसडी आणि लिनक्स हा चांगला मार्ग आहे, आणि ती एसएसडी पुढे दुसऱ्या मशीनलाही वापरता येते.

## टप्पा ५: दुकानात काय मागायचं

कागदावर पूर्ण वाक्य लिहून न्या. उदाहरणार्थ: "एम.२, २२८०, एनव्हीएमई, तिसरी पिढी चालेल, ५०० जीबी." किंवा: "अडीच इंची साटा, ७ मिलिमीटर जाडीची, ५०० जीबी." एवढं सांगितलं की दुकानदाराचंही काम सोपं होतं आणि चूक झाली तर बदलून मागायला आधार राहतो.

सोबत या वस्तू घ्या: एम.२ साठी बारीक स्क्रू, कारण तो पट्टीसोबत येईलच असं नाही. डेस्कटॉपला साटा डेटा केबल, एक मीटरपेक्षा लांब नको. आणि लॅपटॉपला एकच स्लॉट असेल तर क्लोनसाठी यूएसबी एन्क्लोजर (ड्राइव्ह बाहेरून यूएसबीला लावायची डबी). एन्क्लोजर घेतानाही तोच प्रश्न विचारा, साटाचं की एनव्हीएमईचं? एम.२ चं साटा एन्क्लोजर एनव्हीएमई पट्टी वाचत नाही.

डीव्हीडीच्या जागी जुनी डिस्क बसवायची असेल तर कॅडीची (त्या खणात डिस्क धरणाऱ्या चौकटीची) जाडी आधी मोजा. ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन असतात.

## टप्पा ६: जुना ड्राइव्ह आत असतानाच बायोस सरळ करा

लोक आधी नवा ड्राइव्ह बसवतात आणि मग बायोस बदलत बसतात. मशीन सुरू झालं नाही की चूक नव्या ड्राइव्हची की बायोसची, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून विंडोज जुन्या, चालत्या ड्राइव्हवर असतानाच हे करा.

बायोसमध्ये साटा मोड आयडीई असेल आणि विंडोज १० किंवा ११ असेल तर तो एएचसीआय करायचा. नुसता बदललात तर निळा पडदा येतो, कारण विंडोज सुरू होताना जुनाच ड्रायव्हर शोधत असतं. रीत अशी:

१. बिटलॉकर असेल तर तो तात्पुरता स्थगित करा.

२. सिस्टिम कॉन्फिगरेशन उघडून बूट या भागात सेफ बूट, मिनिमल निवडा. खात्याचा पूर्ण पासवर्ड माहीत असू द्या. सेफ मोडमध्ये पिन कधी कधी चालत नाही.

३. रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, एएचसीआय निवडा, सेव्ह करा.

४. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि नवा ड्रायव्हर घेईल. सेफ बूटची खूण काढा, पुन्हा रीस्टार्ट करा.

ज्यांची पार्टिशन स्टाइल एमबीआर आहे आणि ज्यांना एनव्हीएमईवरून विंडोज सुरू करायचं आहे, त्यांना जीपीटी आणि यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) लागेल. विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन आत असतं. टप्पा २ मधली कॉपी हातात असेल तरच ते वापरा. मशीन २०१४ च्या आधीचं असेल तर त्याचा बायोस एनव्हीएमईवरून सुरू होण्याची शक्यता कमी. अशा मशीनला साटाच द्या.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (ड्राइव्ह सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतं. नव्यानं विंडोज टाकताना ड्राइव्हची यादी रिकामी दिसली तर एसएसडी परत करायला धावू नका. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या आणि तिथल्या लोड ड्रायव्हरमधून द्या.

## टप्पा ७: क्लोन, वीज सांभाळून

नवा ड्राइव्ह एन्क्लोजरमध्ये किंवा डेस्कटॉपच्या दुसऱ्या पोर्टवर लावा. क्लोनझिला हा क्लोनचा प्रोग्राम मोफत आहे आणि भरवशाचा आहे, पण स्रोत आणि लक्ष्य निवडताना दोन्ही ड्राइव्हचं मॉडेल आणि क्षमता मोठ्यानं वाचा. नेहमीच्या मांडणीत क्लोनझिलाला लक्ष्य ड्राइव्ह स्रोताइतका किंवा मोठा लागतो. १ टीबीच्या डिस्कवरून ५०० जीबीच्या एसएसडीवर जायचं असेल तर नवं विंडोज टाकून फाइल्स कॉपी करणं सोपं पडतं.

इशारा: मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाट सुरू झाला असेल तर क्लोन उद्यावर ढकला. डेस्कटॉप यूपीएसवर असू द्या, लॅपटॉपची बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला. स्लीप बंद करा. लिहिताना वीज गेली तर अर्धवट क्लोन टाकून देऊन सगळं पुन्हा करावं लागतं.

एक्सपीच्या काळातली डिस्क क्लोन करताना आणखी एक गोष्ट पाहा. तेव्हा पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून, म्हणजे ३२,२५६ व्या बाइटपासून सुरू होई. हा आकडा ४,०९६ नं भागला जात नाही, त्यामुळे एसएसडीला एका लिखाणासाठी दोन पानं (साठवणीचे तुकडे) हलवावी लागतात. व्हिस्टापासून सुरुवात १०,४८,५७६ व्या बाइटवर असते आणि ती बरोबर बसते. विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये डिस्कखाली पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट दिसतो. तो ४,०९६ नं भागून पाहा.

## टप्पा ८: बसवणं

एम.२ पट्टी सुमारे ३० अंशांच्या तिरक्या कोनात आत सरकवा, सोनेरी टोक जवळजवळ पूर्ण आत गेलं की हळूच खाली दाबा आणि स्क्रू लावा. आडवी धरून ढकललीत तर स्लॉट तुटतो. हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) असेल तर त्याच्या थर्मल पॅडवरचा पातळ प्लॅस्टिकचा कागद काढायला विसरू नका. तो राहिला तर उष्णता अडते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीच आधी तापलेली असते, आणि एनव्हीएमई पट्टी फार गरम झाली की स्वतःचा वेग कमी करते.

साटा केबल "टक" असा बारीक आवाज होईपर्यंत लावा. पिनांवर काळपट थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं कापड वापरा, आणि ते पूर्ण वाळू द्या. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि चिकट पदार्थ असतात.

पहिल्या सुरुवातीला जुना ड्राइव्ह काढून ठेवा. क्लोन झालेल्या दोन ड्राइव्हची ओळख एकच असते. दोन्ही एकत्र लावले की विंडोज गोंधळतं, आणि कधी नव्यावरून सुरू झालो असं वाटून जुन्यावरच काम चालू राहतं.

साटावरून एनव्हीएमईवर क्लोन केल्यावर निळा पडदा आला तर विंडोजच्या दुरुस्ती पडद्यावरून एकदा सेफ मोडमध्ये सुरू करा आणि मग नेहमीसारखं. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

## टप्पा ९: झालं म्हणण्याआधी

पुन्हा क्रिस्टलडिस्कइन्फो. ट्रान्सफर मोडमधले दोन आकडे सारखे आहेत का? नसतील तर पोर्ट किंवा केबल बदला. एनव्हीएमईला चारऐवजी दोनच मार्गिका दिसत असतील तर मॅन्युअलमध्ये दुसरा स्लॉट शोधा.

सी७ चा आकडा लिहून ठेवा आणि आठवड्यानं पाहा. जुना आकडा कधीच कमी होत नाही, म्हणून तो मोठा असणं वाईट नाही. वाढत राहणं वाईट.

विंडोजच्या डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्जमध्ये मीडिया टाइपपुढे सॉलिड स्टेट ड्राइव्ह असं दिसायला हवं. हार्ड डिस्क असं दिसलं तर विंडोजला एसएसडी ओळखता आलेली नाही आणि ते तिच्यावर डीफ्रॅग चालवू शकतं. शेवटी एखादी मोठी फाइल, एखादा जुना फोटो आणि हिशेबाची फाइल प्रत्यक्ष उघडून पाहा. फोल्डर दिसणं आणि फाइल उघडणं वेगळं.

## टप्पा १०: जुन्या ड्राइव्हचं काय

महिनाभर तो पुसू नका. लेबल लावा: कोणत्या मशीनचा, कधी काढला, आत काय आहे. महिन्यानं सगळं ठीक असेल आणि ड्राइव्ह धडधाकट असेल तर तो दुसरी प्रत म्हणून ठेवा. सिलिका जेलची पुडी घालून बंद पिशवीत, दर पावसाळ्यानंतर एकदा लावून वाचून पाहा. वापरून झिजलेली एसएसडी मात्र वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायची वस्तू नाही. तिच्यातला डेटा हळूहळू विरतो, आणि उष्णतेत लवकर.

विकायचा किंवा ई-कचऱ्यात द्यायचा असेल तर हार्ड डिस्क पूर्ण ओव्हरराइट करा. एसएसडीला ती रीत पुरत नाही, कारण आतला कंट्रोलर लिखाण वेगळ्याच जागी वळवतो. तिथे कंपनीच्या प्रोग्राममधलं किंवा बायोसमधलं सिक्युअर इरेज वापरा. आयडीई डिस्क जपून ठेवणार असलात तर तिचा चालता अडॅप्टर आणि त्याचा पॉवर त्याच पिशवीत घाला, आणि जम्पर कुठे होता ते लेबलवर लिहा.